दुसरा गट

डॉ. सिंधू वाघमारे यांना भेटायला कोणीही आलं, की बाई आधी त्याच्या हातात एक मूल देत आणि मग नाव विचारत. औषध कंपनीचा माणूस असो, नगरसेवक असो, नाहीतर पंखा दुरुस्त करायला आलेला मिस्त्री असो. बाईंच्या खोलीत सदैव दोन-चार तान्ही पोरं असायचीच, त्यातलं एक पाहुण्याच्या हातात पडायचं. पाहुणा अवघडायचा. हातातली बॅग कुठे ठेवावी ते त्याला कळायचं नाही, आणि त्या अवस्थेत तो जे बोलायला आला असेल ते झटपट बोलून टाकायचा. "हातात मूल असलं की माणूस मुद्द्यावर लवकर येतो," असं बाईंचं म्हणणं होतं. "आणि खोटं जरा कमी बोलतो. त्याचं सगळं लक्ष आपला शर्ट कधी ओला होतो इकडे असतं."

माझी मुलाखतही अशीच झाली. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी सटाण्याहून नाशिकला आलेलो, संख्याशास्त्राची पदवी दुसऱ्या वर्गात मिळवलेली, तीही त्या वर्गाच्या उंबऱ्यावर उभं राहून. बाईंच्या दवाखान्यात तान्ह्या मुलांच्या आहारावर आणि वाढीवर संशोधन सुरू व्हायचं होतं आणि त्यासाठी सहायक हवा होता. जाहिरातीतला 'संशोधन' हा शब्द वाचून मी अर्ज केला. 'तान्ह्या मुलांच्या' हे शब्द मी तितक्या लक्षपूर्वक वाचले नव्हते.

बाईंनी पोर हातात दिलं आणि म्हणाल्या, "वजन सांगा."

मी तोवर बटाट्यांखेरीज कशाचं वजन हातात घेतलं नव्हतं. "दहा किलो असेल," मी म्हणालो. नर्सबाईंनी तोंडाला पदर लावला. काट्यावर ते साडेचार भरलं.

"उद्यापासून या," बाई म्हणाल्या. मी बघतच राहिलो, तेव्हा त्यांनी खुलासा केला, "ज्याला अंदाज येतो तो काटा नीट बघत नाही. तुम्हाला काहीच येत नाही. तुम्ही बघाल आणि बघितलं तेवढंच लिहाल."

अज्ञानावर मिळालेली ही माझी पहिली नोकरी. पुढच्या नोकऱ्याही मला त्याच गुणावर मिळाल्या असणार, पण तसं तोंडावर कोणी सांगितलं नाही.

बाई तेव्हा चाळिशीत होत्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, आवाज खालच्या पट्टीतला. वडील, त्यांचे आबा, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या यार्डात कामाला होते. घराण्यातल्या पहिल्या डॉक्टर बाईच. लग्न केलेलं नव्हतं आणि का केलं नाही हे विचारायची कोणाची छाती नव्हती. निळ्या लुनावर बसून, मागे काट्याची पेटी दोरीने बांधून त्या त्र्यंबक रस्त्याने सातपूरकडे निघायच्या. पाठोपाठ सायकलवर मी. मी पोहोचेपर्यंत त्यांचा एका घरातला चहा होऊन गेलेला असे.

या संशोधनात बाईंचा जीव गुंतला होता आणि त्याला कारण होतं. पुण्याच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग विभागात प्राध्यापकाची जागा निघायची होती. बाईंपाशी पदव्या होत्या, अनुभव होता. पूर्ण झालेलं, छापून आलेलं संशोधन मात्र नव्हतं. दिल्लीच्या एका संस्थेने त्यासाठी पैसे मंजूर केले होते. योजना साधी होती. सातपूरच्या कामगार वस्तीतल्या मुलांचे दोन गट करायचे. पहिला अंगावर पिणाऱ्यांचा, दुसरा डब्याच्या दुधावर असलेल्यांचा. दर महिन्याला दोन्हींची वजनं-उंच्या घ्यायच्या आणि कोण कसं वाढतं ते बघायचं. अट एकच होती. सल्ला कोणालाही द्यायचा नाही. सल्ला दिला की आया बदलतात, आया बदलल्या की गट बदलतात आणि गट बदलले की तुलना बोंबलते. बाईंनी दोन वर्षं फक्त बघायचं होतं. पुढे पुणं.

माझी अडचण पहिल्याच दिवशी उभी राहिली. प्रत्येक घरी पहिला प्रश्न विचारायचा तो दुधाचा, आणि मी अविवाहित, मिशी नुकती जमू लागलेली. दारात उभा राहून मी विचारायचो, "बाळाला दूध... कोणतं?"

"कोणतं म्हंजी?"

"म्हणजे... कुठलं?"

एका बाईने आत हाक मारून सांगितलं, "अहो, डेअरीचा माणूस आलाय."

मग मी प्रश्न नवऱ्यांना विचारू लागलो. नवरे मोकळेपणाने उत्तरं द्यायचे, पण त्यांना काहीच माहीत नसायचं. एकाने तर मूल मुलगा की मुलगी हे सांगण्याआधी घरात डोकावून खात्री करून घेतली. शेवटी बाईंनी मला बाजूला घेतलं. "देवरे, 'ताई, अंगावरचं पाजता की वरचं?' एवढंच म्हणायचं. रेशनला गहू आलाय का, असं विचारतो ना आपण, त्या आवाजात." मी घरी तो आवाज घोटला. शेजाऱ्यांनी खरोखरच पिशव्या बाहेर काढल्या.

दुसरी अडचण नजरेची. पोर काट्याला टांगून वजन केलं की त्याला दृष्ट लागते आणि वाढ खुंटते, अशी वस्तीतल्या साऱ्या आज्यांची खात्री होती. बाईंनी वाद घातला नाही. त्या पिशवीत मीठ-मोहरी घेऊन जाऊ लागल्या. वजन झालं की पुडी आजीच्या हातात द्यायची, आजीने पोरावरून ओवाळून टाकायची, आणि मग पुढचं घर. मोहरीचा खर्च कोणत्या सदरात दाखवू असं मी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "उपकरणांत."

आता माझा शोध सांगतो. पहिल्याच जानेवारीत माझ्या तक्त्यात एक चमत्कार दिसला. वस्तीतली मुलं एकाएकी भरली होती, दोन्ही गटांतली. माझी झोप उडाली. नाशिक म्हणजे द्राक्षं. हंगाम तोंडावर. आया द्राक्षं खातात, त्यांचा अंश दुधात उतरतो, असा सिद्धान्त मी मांडला आणि महिनाभर खपून दोन पानं लिहून बाईंसमोर ठेवली. वर ठळक अक्षरांत मथळा दिला होता आणि खाली माझं पूर्ण नाव.

बाईंनी ती शांतपणे वाचली. "आणि डब्यावरची पोरं कशी वाढली? त्या डब्यात द्राक्षं असतात का?"

याचा मी विचार केला नव्हता.

"फेब्रुवारीत काय झालं?"

"उतरली."

"सगळी?"

"सगळी."

"फेब्रुवारीत द्राक्षं संपतात?"

"नाही. फेब्रुवारीतच येतात."

"देवरे, वजन करताना पोरांच्या अंगावर काय होतं?"

मी आठवून सांगितलं. कुंची, स्वेटर, पायात वाळे. शिवाय संक्रांतीचे दिवस. बोरन्हाणांची वस्तीत साथच आली होती. हलव्याचा मुकुट, हलव्याचा हार, हलव्याच्या मुंडावळ्या, बाजूबंद. उतरवू नका, फोटोवाला यायचाय, असं आया म्हणाल्या म्हणून मी ते राहू दिलं होतं.

बाईंनी पानांची घडी घातली. मग म्हणाल्या, "हलव्याचं वजन छान घेतलंत. आता मुलांचं घ्या." ती दोन पानं त्यांनी फाडली नाहीत. त्यांच्यात मोहरीच्या पुड्या बांधल्या.

दुसऱ्या गटाची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. त्या काळी डब्याचं दूध सहजी मिळत नसे. दुकानदार डबा गल्ल्याखाली ठेवायचा आणि ओळखीच्यालाच द्यायचा. ज्याच्या फळीवर डबा, तो कर्ता पुरुष. पण डबा महाग, म्हणून तो पुरवून वापरायचा. पुरवायचा म्हणजे पाणी वाढवायचं. पोराच्या पोटात जायचं ते पांढरं पाणी, आणि पाणीही बऱ्याचदा न उकळलेलं. माझ्या तक्त्यात त्या पोरांची रेघ आधी आडवी व्हायची आणि मग खाली यायची. मी ती इमानाने काढत होतो.

रंजना नावाची एक बाई होती. नवरा कारखान्यात लेथवर. पोर चार महिन्यांचं, डोळे मोठे आणि बाकीचं सगळं लहान. बाईंनी पोर हातात घेतलं, थोडा वेळ तसंच धरून ठेवलं आणि विचारलं, "बाटली कधीपासून?"

"हे रातपाळी करत्यात, बाई. दिसभर झोपत्यात. खोली एकच हाय. पोरगं रडलं का वसकन अंगावर येत्यात. बाटली तोंडात दिली का गप पडतं. आता अंगावर लय काही येत बी नाय."

दाराबाहेर आल्यावर बाईंनी मला विचारलं, "नियम काय आहे, देवरे?"

"सल्ला द्यायचा नाही."

"बरं," म्हणून त्या आत परत गेल्या. झोपलेल्या नवऱ्याला त्यांनी उठवलं आणि त्याच्या छातीवर पोर ठेवलं.

"अहो बाई, मला झोपायचंय."

"झोपा की. तोही झोपेल."

आणि काय झालं असेल ते असो, दोघेही झोपले. बाई रंजनाशेजारी भिंतीला टेकून बसल्या. पोर जागं झालं तसं त्यांनी ते तिच्या मांडीवर ठेवलं, छातीशी धरलं, आणि परत बसल्या. दुसऱ्या दिवशी आल्या, बसल्या. तिसऱ्या दिवशीही. बोलायच्या त्या गव्हाबद्दल, नळाच्या पाण्याबद्दल, तिच्या माहेराबद्दल. पोर ओढत राहायचं. वरचं लागेल तेवढं वाटी-चमच्याने, उकळून, दाट, आणि तेही हळूहळू कमी. काही आठवड्यांनी बाटलीत रंजनाने खोबरेल भरून ठेवलं.

मी म्हणालो, "बाई, हा सल्ला झाला."

"मी एक शब्द तरी बोलले का? मी बसले."

हे बसणं वस्तीत पसरलं. "तुमच्याकडं बसल्या का बाई?" असं बायका एकमेकींना विचारू लागल्या. ज्यांच्याकडे नव्हत्या बसल्या त्यांना कमीपणा वाटू लागला. माझा तक्ता दर महिन्याला बिघडत चालला.

"बाई, दुसऱ्या गटातून या महिन्यात चार मुलं गेली."

"कुठे?"

"पहिल्यात."

"मग हरवली नाहीत," बाई म्हणाल्या आणि पुढचा कागद मागितला. पण मी पाठ फिरवल्यावर तो तक्ता त्यांनी पुन्हा उघडला आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. त्यांना मोजता येत नव्हतं अशातला भाग नाही.

दरम्यान माझं लग्न झालं आणि वर्षभरात मुलगी झाली. बाळंतपणात सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, ताप भरला. पोरगी आठवडाभर वेगळी ठेवली गेली. सटाण्याहून माझी आई आली होती. तिने निकाल दिला, "तिना दूधमा दम नही शे. पोर रातदिन रडस." मी, तान्ह्या मुलांच्या आहारावरच्या संशोधनाचा अधिकृत सहायक, दुकानदाराला ओळख सांगून डबा घेऊन आलो. ओळख संशोधनाचीच सांगितली. बाटली मी स्वतः उकळत असे, पहिला आठवडा. मग डबा मिळेना, तेव्हा पुरवू लागलो. पोरीला हगवण लागली. ती थांबायची आणि पुन्हा लागायची.

एव्हाना दुसरा गट रिकामा झाला होता. एकही मूल उरलं नव्हतं, आणि दिल्लीच्या संस्थेचा माणूस पाहणीला येणार असल्याचं कळलं होतं. मला बाईंची काळजी वाटत होती. एका सकाळी मी मोठ्या समाधानाने सांगितलं, "बाई, दुसऱ्या गटात एक मूल मिळालं."

"कोणाचं?"

"आमचंच."

माझ्या निष्ठेचं बाईंना कौतुक वाटेल अशी माझी कल्पना होती. बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पिशवी उचलली.

आमच्या घरी आल्यावर त्यांनी पोरगी हातात घेतली. मी वजन सांगू लागलो तर हाताने थांबवलं. मग सुमनच्या शेजारी बसल्या. माझी आई दारात उभी.

"बाई, तुम्हले किती पोरे शेतस?"

"एकही नाही, आजी."

"मंग?"

"म्हणून तर वेळ आहे. बसते."

रोज संध्याकाळी त्या आल्या. आईने टोमणे मारून पाहिले, भांडी आपटून पाहिली. शेवटी मला म्हणाली, "हाई बाई बोलस नही, पन उठस बी नही." बाईंनी एक दिवस आईला अळिवाची खीर जमते का विचारलं. आईला खीर जमते का, हा प्रश्न तिला कोणी तोवर विचारला नव्हता. त्या दिवसापासून ती चुलीपाशी गुंतली. मी कौतुकाने बाईंना म्हणालो, "अळिवाने दूध बरं वाढतं." बाई हळूच म्हणाल्या, "पोरीच्या ओढण्याने वाढतं. अळिवाने आजी गप्प राहतात, त्याचाही उपयोग होतोच."

सुमनला दूध आलं. पोरीची हगवण थांबली. तिच्या गालावर पहिल्यांदा खळी दिसली त्या दिवशी मी तिला काट्यावर घातलं, कपडे काढून. सुमन म्हणाली, "आता पुरे करा ते वजन." मी आकडा लिहिला. अर्थात पहिल्या गटात.

दिल्लीचे गृहस्थ आले ते सुटाबुटात. त्यांच्या हातात पोर पडलं. तशाच अवस्थेत त्यांनी विचारलं, "दुसरा गट कुठे आहे?"

"पहिल्यात," बाई म्हणाल्या.

"सगळा?"

"सगळा."

"सल्ला द्यायचा नाही ही अट आपल्याला माहीत होती?"

"मी कोणालाही सल्ला दिलेला नाही. देवरेंना विचारा."

मी साक्ष दिली, "बाई फक्त बसत होत्या." त्यांनी ते लिहून घेतलं असतं, पण हात मोकळे नव्हते.

माणूस वाईट नव्हता. उलट त्याने वाट काढली. अंबडकडे नवी वस्ती होते आहे, तिथे दुसरा गट पुन्हा भरता येईल. एक वर्ष मुदत वाढवून देतो. पुण्याची जागाही तोवर भरली जाणार नाही, याची त्याला माहिती होती. फक्त वर्षभर बाईंनी घरोघर जायचं नाही. वजनं देवरे घेतील.

बाईंनी चहा मागवला. त्यांना इतका सावकाश चहा पिताना मी कधी बघितलं नव्हतं. कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "आणि देवरेंना दिसलं की एखादं मूल आटत चाललंय, तर?"

"ते नोंद करतील."

बाई माझ्याकडे वळल्या. "देवरे, नोंद कराल?"

मला ती संधी बाईंच्या हातून जाऊ द्यायची नव्हती. मी छाती पुढे काढून म्हणालो, "बिनचूक करीन, बाई."

"करतील," बाई त्या गृहस्थांना म्हणाल्या. "म्हणूनच नको."

संशोधन तिथे संपलं. अहवालात मी पहिल्या गटाचे आकडे भरले, दुसऱ्याचे रकाने रिकामे राहिले. तुलनेवाचून तो कोणी छापला नाही. पुण्याच्या जागेवर दुसरं कोणी गेलं. मला एका कारखान्यात हिशेबनिसाची नोकरी मिळाली आणि बाई दवाखान्यात पहिल्यासारख्याच पोरं तपासत राहिल्या. ऐंशीचं दशक संपता संपता, नोकरीत असतानाच, त्या आजारी पडल्या आणि महिन्याभरात गेल्या.

शोकसभा दवाखान्याच्या आवारात झाली. माझ्याकडे फक्त माईक उंच-खाली करायचं काम होतं. सातपूरच्या बायका मागे सतरंजीवर बसल्या होत्या, काहींची पोरं शाळेच्या गणवेशात. दवाखान्याचे विश्वस्त बोलायला उभे राहिले. चांगलं बोलले. शेवटी म्हणाले, "बाईंना पदाचा, मानाचा मोह कधीच नव्हता."

"होता," मी म्हणालो.

माईक माझ्या हातात असल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

मग सांगणं भाग पडलं. पुण्याची जागा गेल्याचं कळलं त्या दिवशी बाईंनी मला खोलीत बोलावलं होतं. त्या पुण्याला जाऊन भाड्याची खोलीसुद्धा बघून आल्या होत्या, हे मला तेव्हा समजलं. खिडकीतून टेकडी दिसते, म्हणाल्या. मी समजूत काढायला लागलो, की बाई, तुमच्यासारख्यांना पदाचं काय. तर त्या म्हणाल्या, "देवरे, मला ती जागा फार हवी होती. वर्गात शिकवायचं होतं. आमच्या आबांना घेऊन जाऊन तो वर्ग दाखवायचा होता. उद्या मी मेले की कोणीतरी म्हणेल, हिला काही नकोच होतं. तेव्हा उठून सांगा. नको असलेली गोष्ट कोणीही सोडतं."

एवढं मी माईकवर सांगितलं. मागून रंजना उभी राहिली. शोकसभेत प्रश्न विचारत नाहीत हे तिला कोणी सांगितलेलं नसावं.

"मंग गेल्या का नाय?"

"त्यांच्या अभ्यासाला एक गट लागत होता," मी म्हणालो. "दुसरा गट. तो उरला नाही."

"कंचा गट?"

त्या बायका त्या गटात होत्या, पण आपण गटात आहोत हे त्यांना कोणी कधी सांगितलं नव्हतं. सल्ला द्यायचा नाही या अटीत तेही आलंच.

"तुमचा," मी म्हणालो.

ती तशीच उभी राहिली. विश्वस्तांनी मला खाली बसायची खूण केली, आणि मी माईकसकट खाली बसलो.